पेढे वाटायच्या आधी वाचा: मुंबईत रेल्वे अप्रेंटिस होणाऱ्यांसाठी

जॉइनिंगच्या सकाळी वर्कशॉपच्या गेटवर दोन प्रकारची पोरं उभी असतात. काहींच्या घरी आदल्या संध्याकाळी पेढे वाटून झालेले असतात, 'पोरगं रेल्वेत लागलं' म्हणून. बाकीच्यांना माहीत असतं की आपण लागलेलो नाही, शिकायला आलोय. मी पहिल्या प्रकारातला. आईने अख्ख्या चाळीत पेढे वाटले होते. वर्षभराने ट्रेनिंग संपलं तेव्हा 'मग आता परमनंट कधी?' याला उत्तर देता देता मी गॅलरीतून जायचंच बंद केलं.

मी फिटर. मुंबईतल्याच एका रेल्वे वर्कशॉपात अप्रेंटिस होतो. त्या वर्षात कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा बऱ्याच गोष्टी होत्या. त्या क्रमाने लिहितोय.

घरी आधी हे सांगा

तुम्ही ज्याला 'रेल्वे अप्रेंटिस' म्हणता त्याचं कागदावरचं नाव ॲक्ट अप्रेंटिस. म्हणजे १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेला प्रशिक्षणार्थी. त्या कायद्यात स्वच्छ लिहिलंय की अप्रेंटिस हा ट्रेनी आहे, कामगार नाही. त्यामुळे पगार नाही, स्टायपेंड. कामगारांना मिळतात ते बरेचसे हक्क तुम्हाला लागू नाहीत. एक गोष्ट मात्र लागू आहे: काम करताना इजा झाली तर भरपाई. ती लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत येतो.

ट्रेनिंगनंतर कोणाला कसं घ्यायचं याचं धोरण मालकाने आपलं आपण ठरवावं, असं कायदा म्हणतो. रेल्वेचं धोरण असं: लेव्हल-१ च्या (म्हणजे रेल्वेतल्या सर्वांत खालच्या पायरीच्या) सरळ भरतीतल्या २० टक्के जागा रेल्वेतच अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी. तिथेही परीक्षा द्यावी लागतेच. २० मार्च २०१८ ला सकाळी दादर-माटुंगा दरम्यान रुळांवर बसून अप्रेंटिस झालेल्या पोरांनी मध्य रेल्वे तीन-साडेतीन तास बंद पाडली होती, ती याच २० टक्क्यांवरून. त्या दिवशी लोकलमध्ये अडकलेल्यांनी त्यांना शिव्या घातल्या. मला दोन्ही बाजू कळतात. वर्षभर गाडीखाली हात काळे केल्यावर 'आता घरी जा' ऐकणं सोपं नसतं. पण धोरण आधी माहीत असलं की वर्षाची आखणी वेगळी होते. सगळं गणित तिथेच आहे.

तुमच्यासाठी आहे का हे?

दहावीला किमान ५० टक्के आणि जाहिरातीतल्या ट्रेडचा आयटीआय. वय १५ पूर्ण, २४ च्या आत. एससी-एसटीला ५, ओबीसीला ३, दिव्यांगांना १० वर्षांची सवलत. आयटीआयचा निकाल हातात हवा, 'परीक्षा दिलीय, निकाल यायचाय' चालत नाही.

डिप्लोमा किंवा बीई केलेल्यांनी हा फॉर्म भरू नये. त्यांच्यासाठी ग्रॅज्युएट आणि टेक्निशियन अप्रेंटिस ही वेगळी योजना आहे, तिची नोंदणी केंद्र सरकारच्या नॅट्स पोर्टलवर होते आणि ती बघणारं पश्चिम विभागाचं बोर्ड इथेच सायनला आहे. बेलापूरला मुख्यालय असलेली कोकण रेल्वे डिग्री-डिप्लोमावाल्यांना अधूनमधून घेते, तिकडे लक्ष ठेवा.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे माझ्या बॅचच्या दोघांचं नुकसान झालं. आयटीआय संपल्यावर जाहिरात येईपर्यंत रिकामं कशाला बसायचं म्हणून त्यांनी एका खासगी कारखान्यात अप्रेंटिसशिप धरली. आधी कुठेही अप्रेंटिसशिप केलेला उमेदवार रेल्वेच्या जाहिरातींत सहसा अपात्र असतो. त्यात ते २० टक्केही रेल्वेत ट्रेनिंग घेतलेल्यांनाच. म्हणजे एक दार बंद झालं आणि दुसरं उघडलंच नाही. रेल्वे हवी असेल तर मधल्या काळात काहीही करा, अप्रेंटिसशिपच्या करारावर सही करू नका. आणि खासगीच हवं असेल तर बिनधास्त करा, तिथे स्टायपेंड कधीकधी जास्तही असतो. काय हवंय ते आधी ठरवा, एवढंच.

जाहिरात आणि टक्क्यांचा घोळ

मुंबईत दोन दरवाजे: मध्य रेल्वेचा आरआरसी (म्हणजे रेल्वे भरती कक्ष) आणि पश्चिम रेल्वेचा आरआरसी. मध्य रेल्वेची जाहिरात गेली काही वर्षं जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान येतेय. २०२४ मध्ये मध्य रेल्वेच्या २,४२४ जागा होत्या, पश्चिम रेल्वेच्या ५,०६६. आकडा बघून हुरळू नका. मध्य रेल्वेच्या जागांत भुसावळ, पुणे, नागपूर, सोलापूर ही क्लस्टर्सही (म्हणजे विभागवार गट) आली, पश्चिमच्या जागांत अर्धं गुजरात आलं. मुंबई क्लस्टरमध्ये तुमच्या ट्रेडच्या, तुमच्या प्रवर्गाच्या किती, ते तक्त्यात बोट ठेवून मोजा. फिटरच्या जागा भरपूर असतात, पण अर्जही त्यांनाच भरपूर.

परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावीचे टक्के आणि आयटीआयचे टक्के यांची सरासरी, झाली मेरिट. बरोबरी झाली तर वयाने मोठा तो पुढे. जन्मतारीखही एकच असली तर दहावी आधी पास झालेला पुढे.

इथे महाराष्ट्र बोर्डाची पोरं हमखास चुकतात. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर टक्के छापलेले असतात ते बेस्ट ऑफ फाइव्हचे. रेल्वेच्या बऱ्याच जाहिरातींत लिहिलेलं असतं की सगळ्या विषयांचे गुण धरले जातील, बेस्ट ऑफ फाइव्ह नाही. समजा सहा विषयांत ६०० पैकी ४३८ आहेत आणि सर्वांत कमी विषयात ५३. बेस्ट ऑफ फाइव्ह झाले ५०० पैकी ३८५, म्हणजे ७७ टक्के. सगळे धरले तर ७३. आयटीआयला ८१ असतील तर तुमची सरासरी ७९ नाही, ७७. दोन टक्क्यांत मेरिटला शेकडो पोरं उभी असतात. फॉर्ममध्ये ७७ भरलं आणि कागद तपासणीत ७३ निघालं तर फॉर्मच बाद होऊ शकतो. जाहिरातीतला तो परिच्छेद शोधा, त्यात जसं म्हटलंय तसंच भरा.

फॉर्मची फी १०० रुपये. एससी, एसटी, दिव्यांग आणि मुलींना माफ. शंभराच्या वर एक रुपया कोणी मागितला तर तिथून उठा. 'साहेब आपल्या ओळखीचे आहेत, मेरिटला नाव घालतो' म्हणणारे स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर भेटतात. इस्त्रीचा शर्ट घालतात, गळ्यात कसली तरी लाल पट्टीची ओळखपत्रं असतात. मेरिट दोन मार्कशीटवरून लागते. त्यात घालायला ओळखीला जागाच नाही. माझ्या मावसभावाने तरी चाळीस हजार दिले. त्याचं नाव मेरिटमध्ये आलं, कारण त्याचे टक्केच तेवढे होते, आणि एजंटाने श्रेय घेऊन वर आणखी पाच मागितले.

कागद

नावाचा घोळ सर्वांत जास्त. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, शेजारी आईचं. आधारवर नाव आधी. आयटीआयच्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव गळालेलं किंवा स्पेलिंग वेगळं. क्रम मागेपुढे असला तर खपतं, स्पेलिंग वेगळं असलं तर खपत नाही. जाहिरात यायच्या आधीच आधार दहावीच्या मार्कशीटप्रमाणे करून घ्या. आयटीआयच्या सर्टिफिकेटला वेळ लागतो, प्राचार्यांच्या ऑफिसात आत्ताच अर्ज द्या.

ओबीसींनी नॉन-क्रीमी लेअर दाखला केंद्राच्या नमुन्यात काढायचा. तहसील किंवा सेतूमध्ये न सांगता अर्ज केला तर राज्याचा हातात पडतो, आणि तपासणीच्या दिवशी तो परत केला जातो. व्हीजे-एनटी, एसबीसी, एसईबीसी ही आपल्या राज्याची वर्गवारी. केंद्राच्या फॉर्ममध्ये तसे रकाने नसतात. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते पाहून मगच प्रवर्ग निवडा.

वैद्यकीय दाखला जाहिरातीसोबत दिलेल्या नमुन्यातच हवा, सरकारी डॉक्टरच्या सही-शिक्क्याचा. गल्लीतल्या डॉक्टरांच्या लेटरहेडवरचा चालत नाही. मोबाइल नंबर आणि ईमेल वर्षभर बदलू नका. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल टाकलेला एक पोरगा मला माहीत आहे. तपासणीची तारीख त्या कॅफेवाल्याला कळली, याला नाही.

आणि तपासणीला बोलावलं म्हणजे निवड झाली, असं नाही. पेढे अजून नको.

कुठे जायचं

क्लस्टरमध्ये युनिटचा, म्हणजे वर्कशॉप, शेड किंवा डेपोचा, पसंतीक्रम द्यावा लागतो तेव्हा बहुतेक जण घराजवळचं स्टेशन बघतात. मीही तेच केलं. पण काय शिकायला मिळेल हेही बघा.

माटुंगा वर्कशॉप १९१५ चं, जीआयपी रेल्वेने (मध्य रेल्वेची पूर्वज) बांधलेलं. डब्यांचं काम. डबा ठराविक मुदतीने पूर्ण उघडून नवा करतात, त्याला पीओएच म्हणतात, ते इथे चालतं. फिटर, वेल्डर, पेंटर, कार्पेंटर यांना माटुंग्यात हाताला काम कमी पडत नाही. परळ त्याहून जुनं, १८७९ चं, आणि मुळात इंजिनांचं. डिझेल मेकॅनिक, मशिनिस्ट, टर्नरने परळ वर ठेवावं. भायखळ्याला सिग्नल आणि टेलिकॉमचं वर्कशॉप आहे. पॉइंट मशीन (रुळांचे सांधे बदलणारं यंत्र), रिले असलं काम, तिथे हात काळे कमी होतात आणि डोकं जास्त लागतं. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकवाल्यांनी त्याकडे काणाडोळा करू नये. वाडीबंदरला कोचिंग डेपो, कल्याण-कुर्ल्याला इंजिनांची शेड. पश्चिमेला लोअर परळ आणि महालक्ष्मी.

वर्कशॉप आणि शेड-डेपो यांत फरक आहे. वर्कशॉपात गाडी येते, खोलली जाते, आठवड्यांनी बाहेर पडते. एकच काम पन्नासदा करायला मिळतं, हात बसतो. शेड-डेपोत गाडी थोड्या तासांसाठी येते आणि तिला वेळेत सोडायचं असतं. तिथे दोष शोधायला शिकता, पण घाईत अप्रेंटिसच्या हातात पाना कोणी देत नाही. पहिल्या वर्षासाठी मला विचाराल तर वर्कशॉप.

कानस

पहिले काही दिवस बेसिक ट्रेनिंग सेंटरमध्ये जातात. आयटीआयमध्ये हे केलंय म्हणून पोरं कंटाळतात. कंटाळू नका.

आम्हाला माइल्ड स्टीलचा एक तुकडा दिला आणि सांगितलं, चारही बाजू काटकोनात आण. मी अर्ध्या तासात कानस मारून नेला. इन्स्ट्रक्टरांनी गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावला, तुकडा खिडकीकडे धरला आणि मला म्हणाले, "बघ." गुण्या आणि लोखंड यांच्या मधून उजेडाची रेघ दिसत होती, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला गायब. "आयटीआयमध्ये पास झालास ना? मग आता शिक." तीन दिवस तोच तुकडा. कानस पुढे जाताना दाब, मागे येताना सोड. दोन्ही हातांचा भार पुढे सरकताना बदलत जातो, नाहीतर मध्ये फुगवटा राहतो. खांद्यातून मारायची, मनगटातून नाही. तिसऱ्या दिवशी उजेड बंद झाला तेव्हा तुकडा मापापेक्षा बारीक झाला होता, आणि इन्स्ट्रक्टरांनी नवा दिला.

व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) वाचायला इथेच पक्कं शिका. ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता आलं पाहिजे, आणि कोणी मागे उभं राहून विचारलं तरी चटकन. शॉपात गेल्यावर शिकवायला कोणाला वेळ नसतो.

शॉपात

मग तुम्हाला एखाद्या सेक्शनला टाकतात: बोगी (डब्याखालची चाकांची चौकट), व्हील, ब्रेक, बॉडी. सेक्शनचा साहेब म्हणजे एसएसई किंवा जेई (सीनियर सेक्शन इंजिनिअर किंवा ज्युनिअर इंजिनिअर). पण तुमचं वर्ष घडतं किंवा बिघडतं ते ज्या टेक्निशियनच्या हाताखाली तुम्ही असता त्याच्यावर. वयाने मोठे असतील तर 'काका' किंवा 'मिस्त्री' म्हणा, नुसतं आडनाव घेऊ नका. आणि पहिल्या आठवड्यात मोबाइल खिशातून काढू नका.

सुरुवातीला कामं येतात ती अशी: चहा सांग, चिंधी आण, घासून साफ कर, हे धर. याचा राग येतो. मी दोन आठवडे धुसफुसलो. मग लक्षात आलं की साफ करायला दिलेला भाग हा खोललेला भाग असतो. घासता घासता तो फिरवून बघता येतो: कुठे झिजलाय, कुठे चीर आहे, नंबर कुठे मारलाय. मी साफ केलेल्या प्रत्येक भागाचं नाव विचारायला लागलो. एक दिवस मिस्त्री हसून म्हणाले, "तुला लै प्रश्न रे." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला व्हील गेज धरायला दिला.

चाकांच्या जोडीचं आतलं अंतर मोजायचं होतं. ब्रॉडगेजला ते १,६०० मिलिमीटर असतं. दोन जास्त चालतात, एक कमी चालतो, बस. मी विचारलं, "काका, रुळांमधलं अंतर तर १,६७६ आहे. मग हे १,६०० कसे? बाकीचे कुठे गेले?" त्यांनी खडूने जमिनीवर काढून दाखवलं. चाकाची कडा, म्हणजे फ्लँज, रुळाच्या आतल्या बाजूने चालते. दोन्हीकडच्या नव्या फ्लँज मिळून साधारण ५७ मिलिमीटर. १,६०० अधिक ५७ झाले १,६५७. उरले १९. "हे १९ गाडीला हलायला ठेवलेत. नसते तर वळणावर चाक अडकलं असतं. आणि जास्त झाले तर गाडी नाचते." कल्याणहून येताना डबा हलायला लागला की मी अजूनही ते १९ मोजतो. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं असं नाही, पण पुस्तकात वाचून मला कधी कळलं नसतं.

ब्रेकच्या सेक्शनला गेलात तर दोन आकडे डोक्यात फिट करा: ब्रेक पाइपला ५ किलो, फीड पाइपला ६ किलो दाब (दर चौरस सेंटिमीटरला). आणि हेही, की ब्रेक पाइपमधली हवा कमी झाली की ब्रेक लागतो, वाढली की सुटतो. नवीन पोरांना हे उलटं वाटतं. पाइप तुटला, डबा सुटला तर गाडी आपोआप थांबावी, म्हणून तशी रचना. ट्रेड टेस्टला हा प्रश्न येऊ शकतो.

सेक्शन बदलून मिळत नसेल तर गप्प बसू नका. बारा महिने एकाच बाकावर ठेवलेली पोरं मी पाहिलीत. ती चांगली मदतनीस झाली, फिटर झाली नाहीत. अर्ज लिहून द्या, ट्रेनिंग सेंटरमधून सही घ्या. तोंडी सांगितलेलं वर्कशॉपच्या आवाजात कोणाला ऐकू येत नाही.

अंगाला जपा

सेफ्टी शूज, हेल्मेट, गॉगल, हातमोजे. मिळाले नाहीत तर मागा, तरी नाही मिळाले तर स्वतःचे घ्या. स्टायपेंड थोडा आहे हे खरं, पण पायाचं बोट त्याहून महाग.

वर ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट. वायरला हात लागायचीही गरज नाही, फार जवळ गेलं तरी पुरतं. पॉवर ब्लॉक (म्हणजे वायरची वीज बंद) घेतलेला नसताना दोन मीटरच्या आत जायचं नाही, हातात लांब पाइप किंवा शिडी असली तर ती धरून दोन मीटर. डब्याच्या छतावर 'वर जाऊन बघ जरा' असं कोणी म्हटलं तरी ब्लॉक घेतलाय का हे स्वतः विचारल्याशिवाय चढू नका. वाईट वाटलं तर वाटू दे.

गाडीखाली जाण्याआधी लाल झेंडी किंवा बोर्ड लागलंय ना आणि चाकांना अडथळे लावलेत ना ते डोळ्यांनी बघा. क्रेनने उचललेल्या डब्याखाली वाकायचं नाही, एका नटासाठीही नाही.

वेल्डिंगकडे नुसत्या डोळ्यांनी बघू नका, लांबूनही नाही. डोळ्याला वेल्डिंग लागतं ते त्या क्षणी कळत नाही. रात्री दोनला झोपेतून उठवतं, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं. घरी मग बटाट्याच्या चकत्या ठेवतात. त्याने गार वाटतं, बरं होत नाही. डॉक्टरकडे जा आणि दुसऱ्या दिवशी सेक्शनला सांगा.

इजा झाली तर, कितीही छोटी असो, त्याच दिवशी नोंद करा आणि रेल्वेच्या फर्स्ट एडमध्ये दाखवा. वर म्हटलेली भरपाई नोंदीवर उभी असते. माझ्या बोटाला ग्राइंडरवर लागलं तेव्हा मी चिंधी गुंडाळून घरी आलो, कारण 'रिपोर्ट केलं तर साहेब चिडतील' असं कोणीतरी म्हणालं होतं. पिकलं तेव्हा औषधाचा खर्च माझ्या खिशातून गेला.

पैसे, डबा, लोकल

मध्य रेल्वेच्या अलीकडच्या जाहिरातींत स्टायपेंड महिना ७,००० रुपये आहे. होस्टेल मिळत नाही. विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. परळ-माटुंग्यात खाटेचं भाडं या पैशांत बसत नाही. पोरं चार-पाच जण मिळून बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा इकडे खोली घेतात आणि स्वयंपाक पाळीने करतात. घरून पहिले तीन महिने तरी थोडे पैसे लागतील असं धरूनच या, कारण करार पोर्टलवर नोंदवून, बँक खातं आधारला जोडून पहिला स्टायपेंड जमा व्हायला वेळ जातो.

वर्कशॉपची वेळ लवकर असते आणि भोंगा झाल्यावर गेट कोणासाठी थांबत नाही. गाड्या उशिरा धावतायत हे कारण रेल्वेच्याच गेटवर सांगायला लाज वाटते, आणि ते चालतही नाही. एक गाडी आधीची पकडा. पावसाळ्यात दोन.

मध्येच सोडून जायचा विचार आला तर आधी करार वाचा. त्यावर तुमची, आणि अठराच्या आत असाल तर पालकांचीही सही असते, आणि मध्येच सोडल्यास काय, ते त्यात लिहिलेलं असतं.

डायरी, ट्रेड टेस्ट आणि त्यानंतर

रोज काय केलं ते डायरीत लिहायचं आणि साहेबांची सही घ्यायची. पोरं महिनाअखेरीस बसून तीस दिवसांचं 'बोगी क्लीनिंग' लिहून काढतात. तसं करू नका. कोणता भाग, कोणतं माप, काय सापडलं, कसं दुरुस्त झालं, एक छोटं स्केच. दहा मिनिटं लागतात, ती परतीच्या लोकलमध्ये होतात. उभं असलात तर मोबाइलवर बोलून ठेवा आणि घरी उतरवा. ट्रेड टेस्टच्या आधी माझ्या वर्गातल्या पोरांनी बाजारातली गाइडं घेतली. मी डायरी वाचली, कारण माझ्याकडे गाइडला पैसे नव्हते. प्रॅक्टिकलला परीक्षकांनी विचारलेलं निम्मं तिच्यात होतं.

वर्षाच्या शेवटी अखिल भारतीय ट्रेड टेस्ट. ती पास झालात की राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र, ज्याला सगळे एनएसी म्हणतात. मेहनतीचा कागदी पुरावा हाच. ट्रेनिंग पूर्ण करून टेस्टला न बसलेले महाभाग असतात. त्यांच्याकडे वर्ष आहे, कागद नाही.

आता सर्वांत उशिरा कळलेली गोष्ट. भरतीच्या परीक्षेचा अभ्यास ट्रेनिंग संपल्यावर सुरू करायचा नसतो. गणित, बुद्धिमत्ता, दहावीपर्यंतचं विज्ञान, चालू घडामोडी, रोज तासभर, पहिल्या महिन्यापासून. अर्ज करताना फक्त लेव्हल-१ वर थांबू नका. लेव्हल-१ चं मूळ वेतन १८,०००. असिस्टंट लोको पायलट आणि टेक्निशियन ग्रेड-३ चं १९,९००, आणि या दोन्हींना तुमचा आयटीआय चालतो. तिथे अप्रेंटिसना वेगळा कोटा नाही, पण शॉपात वर्ष काढलेल्या पोराला ट्रेडचे प्रश्न परके वाटत नाहीत. रेल्वेबाहेरही बघा. एनएसी असलेल्या फिटर-वेल्डरला कारखान्यात विचारतात, आणि 'रेल्वे वर्कशॉपात वर्ष काढलंय' हे ऐकून फोरमन आधी हात बघतात, मग सर्टिफिकेट.

लेव्हल-१ चा फॉर्म भरताना तीन गोष्टी तपासा. एनएसी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आत हातात आहे का. 'टेस्ट दिलीय, सर्टिफिकेट येईल' धरत नाहीत. त्यावरचं नाव दहावीप्रमाणे आहे का. चुकलं असेल तर ट्रेनिंग सेंटरमधून दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या, सेंटरमधली माणसं बदलायच्या आत. आणि फॉर्ममध्ये कोर्स कम्प्लिटेड ॲक्ट अप्रेंटिस असा एक रकाना असतो, तो 'होय' करून एनएसीचा नंबर टाकलाय का. माझ्या शेजारच्या बाकावरच्या पोराने तो 'नाही' ठेवला. सर्टिफिकेट कपाटात होतं, घाईत लक्ष गेलं नाही. फॉर्म सबमिट झाला आणि तो वीस टक्क्यांतून बाहेर, बाकी सगळ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.